किमान वेतनवाढ : डोकी मोजायची की तास?

मजुरीचा किमान दर ठरवू देणारा न्यूझीलंडचा १८९४ चा कायदा, अमेरिकेतला १९३८ चा तासाला २५ सेंटचा किमान दर, हा झाला जुना इतिहास. किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतो का, हा आजचा वाद मात्र १९९२ पासूनचा. तोवर बहुतेक अर्थतज्ज्ञ एक गोष्ट धरूनच चालत: मजुरी महागली की मालक माणसं कमी करणार.

१ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्वेनियात ते होतं तेवढंच राहिलं. दोन संशोधकांनी सीमेच्या दोन्ही अंगांच्या ४१० फास्ट फूड दुकानांना वाढीआधी आणि वाढीनंतर फोन करून कामावर किती जण आहेत ते विचारलं. न्यू जर्सीत दुकानागणिक सरासरी २०.४ वरून २१ वर गेली, पेनसिल्वेनियात २३.३ वरून २१.२ वर आली. म्हणजे जिथे मजुरी वाढली, तिथे माणसं कमी झालीच नाहीत.

आता २०.४ माणसं म्हणजे काय? दोन अर्धवेळ मिळून एक पूर्णवेळ, असा तो हिशेब. अर्धवेळवाला आठवड्याला दहा तास राबो की पंचवीस, तो अर्धाच. म्हणजे मालकाने कोणालाही न काढता अर्धवेळवाल्यांच्या पाळ्या दोन-दोन तासांनी आखडल्या, तर या मोजणीत रोजगार जसाच्या तसा! टीकाकारांनी पगारपत्रकांतल्या तासांवरून मांडणी केली आणि रोजगार घटल्याचं दाखवलं. (त्यांची सुरुवातीची काही पत्रकं वेतनवाढीला विरोध करणाऱ्या एका गटाने जमवली होती.) मूळ संशोधकांनी मग सरकारी नोंदींवरून पुन्हा मोजलं, परिणाम जवळपास शून्य निघाला. पण त्या नोंदींत पुन्हा डोकीच होती, तास नव्हतेच.

सरकारी नोंदींत तास मिळाले ते अमेरिकेतल्याच सिएटल शहरात. तिथे तासाला १५ डॉलरचा किमान दर टप्प्याटप्प्याने लागू होत असताना, २०१७ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन अहवाल आले. एकाने खाद्यगृहांतल्या नोकऱ्या मोजल्या, घट दिसली नाही. दुसऱ्याकडे तासांच्या नोंदी होत्या: कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्क्यांनी घटले, ताशी दर ३ टक्केच वाढला. मात्र अनेक शाखांच्या कंपन्या त्यातून वगळल्या होत्या, आणि कमी पगाराची कितीतरी कामं तिथेच असतात. पुढच्या वर्षी याच दुसऱ्या गटाने एकेका कामगाराचा माग काढला. अनुभवी लोकांच्या हातात तास घटूनही थोडे जास्त पैसे पडत होते. नव्याने कामाला लागणाऱ्यांचं प्रमाण मात्र घटलं होतं.

२०२१ मध्ये अमेरिकेत देशभर १५ डॉलरचा प्रस्ताव आला, तेव्हाच्या अधिकृत अंदाजात १४ लाख नोकऱ्या कमी आणि ९ लाख लोक दारिद्र्याबाहेर, असे दोन्ही आकडे होते. विरोधकांनी पहिला उचलला, समर्थकांनी दुसरा. प्रस्ताव बारगळला. देशपातळीवरचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरच आहे.