साधनचिकित्सा (इतिहासलेखनातील)

संशोधनासाठी हाती आलेला कागद, बखर, शिलालेख वा ग्रंथ कोणी, केव्हा, कशासाठी आणि कशाच्या आधारे लिहिला हे तपासून त्याच्या साक्षीचे मोल ठरविण्याची पद्धती. बहिरंग परीक्षणात कागदाचा अस्सलपणा, तर अंतरंग परीक्षणात मजकुराची विश्वसनीयता पाहिली जाते. प्रस्तुत नोंद मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांपुरती आहे.

मराठीत या पद्धतीचा आरंभ कोणापासून मानावा याविषयी मतभेद आहेत. सामान्यतः ते श्रेय वि. का. राजवाडे यांना दिले जाते आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड (१८९८) हा आरंभ धरला जातो. पानिपतकालीन पत्रव्यवहार छापताना त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींतील चुका पत्रांशी ताडून दाखविल्या. तथापि नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास, तरुण वयातच, ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर (१८२६) लिहिलेल्या टीकेत छापील ग्रंथाला देशी साधनांची कसोटी लावण्याची दृष्टी स्पष्ट दिसते. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकाने मूळ साधने छापण्यास आरंभ केला. कालक्रम पाहता कीर्तन्यांपासून आरंभ मानणे अधिक ग्राह्य वाटते. मात्र बखरीपेक्षा समकालीन पत्र श्रेष्ठ हा दंडक राजवाड्यांनीच रुजविला.

या पद्धतीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद. उत्तरकालीन बखरींवरून शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत (जेधे देशमुखांच्या घरी ठेवलेल्या कालक्रमवार टिपणांत) फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०, जुन्या पंचांगाप्रमाणे) अशी नोंद आढळली. शकावलीची उपलब्ध प्रत मूळ नव्हे, नक्कल आहे, हा आक्षेप रास्तच होता. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात तीच तिथी मिळाली व जोधपूरकडील एका जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. जेधे देशमुखांच्या घरची टिपणे, आश्रित कवीचे काव्य आणि राजस्थानातील ज्योतिषाची कुंडली ही तीन साधने हेतूने व स्थळाने एकमेकांपासून अलग असल्याने त्यांची एकवाक्यता निर्णायक ठरते. चार बखरी एकाच जुन्या बखरीवरून उतरल्या असतील, तर त्यांची साक्ष मात्र एकच धरावी लागते. समकालीनतेच्या निकषावर बखरींतही सभासदाची बखर (सु. १६९४–९७) इतरांपेक्षा वरच्या पायरीवर ठेवली जाते.

बहिरंग परीक्षणात मोडीचे वळण, कागद, मायना (पत्रारंभीचे संबोधन), शिक्का आणि मोर्तब (पत्र संपल्याची अखेरची मुद्रा) पाहतात. शिवकालीन पत्राअखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब अपेक्षित असते, परंतु ते नक्कलकारालाही ठाऊक असल्याने एवढ्यावरून निर्णय देता येत नाही. वतनाच्या तंट्यांत बनावट महजर (सभेने दिलेले निवाडापत्र) व सनदा पुढे आल्याचे प्रसंग आहेत. म्हणून ज्याच्या लाभाचा कागद, त्याच्याच दप्तरात तो सापडला असल्यास अधिक सावधपणे वाचावा लागतो. तारीख लावताना विद्यार्थी हमखास चुकतात. शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत वापरलेली अरबी नावांची कालगणना, मृग नक्षत्राला बदलतो. इ. स. काढण्यासाठी त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढे ६०० मिळवावे लागतात. शकात सामान्यतः ७८, परंतु जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९ मिळवितात. वर दिलेल्या फाल्गुनातील तिथीचे वर्ष १६२९ न येता १६३० येते ते यामुळेच.

छापील खंडातील पत्र वापरताना खंड व लेखांक (पत्राचा क्रमांक) दोन्ही द्यावेत आणि संपादकाने कंसात घातलेली तारीख त्याचे अनुमान म्हणूनच नोंदवावी. नामवंत संपादकांच्या वाचनातही चुका आढळतात, तेव्हा महत्त्वाच्या शब्दासाठी मूळ मोडी पाहणे इष्ट. ती शिकण्यास काही आठवडे पुरतात, सराव मात्र दीर्घ लागतो. दप्तरे प्रामुख्याने राज्यकारभार, वतन व वसूल यांविषयी असल्यामुळे स्त्रिया, बलुतेदार व अस्पृश्य समाज यांच्या जीवनाची माहिती त्यांत तंट्याच्या, दंडाच्या वा वेठीच्या निमित्तानेच तुटकपणे येते.