मोडीतल्या वस्तू काचेआड कशा आल्या

अडकित्ता, वज्री, लामणदिवा, शेवेचा सोऱ्या. आजीच्या घरात असायच्या तसल्या वस्तूंच्या प्रदर्शनांना हल्ली चांगली गर्दी होते. शंभर वर्षांपूर्वी त्या बघायला कोणी वाट वाकडी केली नसती. त्या घरोघर होत्याच, आणि निकामी झाल्या की मोडीत जायच्या.

आपल्याकडे प्रदर्शन आलं ते व्यापाराचं बोट धरून. लंडनला १८५१ साली आणि पॅरिसला १८५५ साली मोठी प्रदर्शनं भरली. पॅरिसला पाठवायला मुंबई इलाख्यातल्या कारागिरीचे नमुने जमवले गेले, आणि त्याच खटाटोपातून मुंबईतल्या सरकारी संग्रहालयाची सुरुवात झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी इमारतीसाठी पैसा उभा केला. राणीच्या बागेतलं हे ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ १८७२ मध्ये खुलं झालं. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे. पुण्यातल्या आजच्या महात्मा फुले संग्रहालयाचं जुनं नावही ‘लॉर्ड रे इंडस्ट्रियल म्युझियम’. ‘इंडस्ट्रियल’ या शब्दातच सगळं आलं. कुठे काय बनतं आणि काय खपेल, याचा तो नमुनासंच. वस्तू कोणाच्या माजघरातली, हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न विचारला पुण्यातल्या चष्म्याच्या एका दुकानदारानं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. साधारण १९२० पासून ते जुन्या वस्तू जमवू लागले. राजेरजवाड्यांचा थाटमाट त्यांच्या संग्रहात आहे, पण खरी मजा आहे ती साध्या गोष्टींत. सुपारी कातरायलाच तर हवा अडकित्ता, तरी घडवणाऱ्यानं त्याला पाखराचा, नाहीतर माणसाचा आकार दिला. टाच घासायच्या वज्रीवरही मोर बसवला. समया, कुलपं, दौती, कोरीव दरवाजे, वाद्यं. बाजीरावानं कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. पत्नी कमलाबाई या सगळ्यात बरोबरीनं होत्या. संसारी माणसानं दुकानाच्या कमाईवर असले उद्योग करायचे म्हणजे घरच्यांची साथ लागतेच.

काळही अनुकूल होता, म्हणजे खरं तर वाईट होता. घरांत स्टील आलं आणि तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले. उरलेल्यांपैकी अनेक पुढे इमारतींसाठी पाडले गेले. वाडा गेला की त्याचा दरवाजा, झुंबर, हंडे-घंगाळी यांना जागा उरत नाही. बाजूला काढून ठेवणारा कोणी भेटला तर ठीक, नाहीतर भट्टी.

पुराच्या दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, केळकरांचं संग्रहालय सुरू झालं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्याला दिलं. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज त्यात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, आणि दालनांत मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. एखादं खास प्रदर्शन भरलं, तरच बाकीच्यांना उजेड दिसायचा.