मायटर सॉ: चौकटीच्या चार कोपऱ्यांमागचा इतिहास

१८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना गिरगावात सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी साध्या घरांच्या भिंतींवर पोचल्या. तसबीर आली की चौकट आली, आणि चौकट आली की चार कोपरे. मायटर सॉ म्हणजे पट्टी ठरावीक कोनात कापणारी विजेची करवत. तिच्या अचूकपणाची सगळी गोम या कोपऱ्यांत आहे. एका चौकटीला ४५ अंशांचे आठ काप लागतात. प्रत्येक काप एकाच बाजूला पाव अंशाने चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत त्याचे दोन अंश होतात. ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत ही जवळपास अडीच मिलिमीटरची फट. पुटी भरायला जाल तर ती दिसते. झाकायला जाल तर पॉलिश चुगली करतं.

वीज नव्हती तेव्हा या कापासाठी सुतार तीन फळ्यांची, वरून उघडी पेटी ठोकायचे. बाजूच्या दोन उभ्या फळ्यांत ४५ अंशांच्या खाचा, आणि त्यांतून चालणारी, पाठीला जाड पट्टी असलेली करवत. पेटी नवी असेतो काम चोख. पण करवतीचे दात खाच खात जातात, खाच रुंदावते, पातं डुलायला लागतं आणि कोन हातचा जातो. मग जुनी पेटी चुलीत आणि नवी ठोकायची. अमेरिकेत लिअँडर लँग्डन यांनी १८६४ मध्ये पेटंट घेतलेली धातूची मायटर बॉक्स याच दुखण्यावरचा उपाय होती. आजच्या यंत्राची अंशांच्या खुणा असलेली फिरती तबकडी अशाच धातूच्या पेट्यांच्या वंशातली.

मोटर मागाहून आली. रेमंड डीवॉल्ट यांनी १९२२ मध्ये डोक्यावरच्या आडव्या दांड्यावर सरकणारी गोल करवत बसवली. ती हव्या त्या कोनात कापायची, पण दांडा लांब आणि एकाच टोकाला धरलेला. जरा हिसका बसला की कोन हलायचा. १९६४ मध्ये रॉकवेल कंपनीच्या यंत्रात मोटर आणि पातं एका बिजागरीवरून सरळ खाली येऊ लागलं. मधल्या काळात पात्याचे दातही बदलले होते. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने १९२६ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ बाजारात आणला, आणि कालांतराने गोल करवतीच्या दातांना त्याची टोकं लागली. त्यामुळे धार महिनोन्‌महिने टिकू लागली.

पुढच्या सुधारणा सोयीच्या होत्या, अचूकपणाच्या नव्हेत. मान, म्हणजे मोटर आणि पातं धरणारा भाग, डावी-उजवीकडे झुकू लागली, रुंद फळीसाठी पातं नळ्यांवरून पुढे-मागे सरकू लागलं. प्रत्येक नवी हालचाल म्हणजे डुलायला आणखी एक जागा, म्हणजे लाकडी पेटीची रुंदावलेली खाच वेगळ्या रूपात परत. म्हणून ज्याला फक्त चौकटी आणि पट्ट्या कापायच्या आहेत, त्याने त्याच किमतीत सरकतं यंत्र न घेता साधं, न सरकणारं घ्यावं, असं माझं मत. तबकडीवर ३१.६ अंशांची एक खूण बहुतेक यंत्रांवर असते. ती अमेरिकी घरांत भिंत आणि छताच्या सांध्यावर लावतात त्या नक्षीदार पट्टीसाठी आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तिचा उपयोग क्वचितच.

मुंबईत या यंत्राचा गिऱ्हाईक फक्त सुतार नसून स्लायडिंग खिडक्या करणारा ॲल्युमिनियमवालाही आहे. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात २५५ मिलिमीटर पात्याचं यंत्र बघताना म्हणूनच आधी विचारावं, पातं कशाचं आहे? ॲल्युमिनियमच्या पात्याला साधारण १०० ते १२० दात असतात. सागावर ते सावकाश चालतं, कडा काळवंडते आणि आडव्या कापात रेषे उपटले जातात. लाकडासाठी ६० ते ८० दातांचं वेगळं पातं घ्यावंच लागतं, तेव्हा त्याचे पैसे किमतीत धरूनच घासाघीस करावी.

दुकानातच तपासायचं तर सरळ कडेची रुंद पट्टी न्यावी. शून्यावर मधोमध कापावी, एक तुकडा उलटा करून दोन्ही कडा सपाट पट्टीला टेकवून जोडावी. यंत्र चुकत असेल तर चूक दुप्पट होऊन दिसते. मग ४५ वर दोन तुकडे कापून गुण्यात बसवावेत. पातं खाली आणून मान बाजूला हलवावी. हाताला हालचाल जाणवली तर स्क्रू आवळून ती जाईल, यावर विसंबू नये. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची मागची पट्टी, मात्र बहुतेक यंत्रांत नीट करता येते, त्यामुळे तिच्या चुकीवरून सौदा मोडायचं कारण नाही.

यंत्र बिनचूक असलं तरी पाऊस राहतोच. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे ४५ चा काप ४५ राहत नाही. कोरड्या दिवसांत केलेली चौकट जुलैत बाहेरच्या कोपऱ्याला उघडते. पावसाळ्यात केलेली मे महिन्यापर्यंत आतल्या बाजूला. अशी फट दिसली की यंत्र परत करायला निघण्याआधी लाकूड किती दिवस घरात वाळलं, ते बघावं.