जन्मठेप म्हणजे १४ वर्षं? नाही हो!

परवा चहाच्या टपरीवर परत तेच ऐकलं, 'जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, आणि जेलमध्ये दिवस-रात्र वेगळे धरतात म्हणून खरी तर ७च'. दोन्ही साफ चुकीचं आहे. जेलमध्ये २४ तासांचा एकच दिवस धरतात, आणि जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गांधीहत्या खटल्यातला जन्मठेपेचा कैदी गोपाळ गोडसे, त्याने माफीचे दिवस (जेलमध्ये शिक्षेत मिळणारी सूट) धरून २० वर्षं भरली, आता सोडा, असं म्हणत सुप्रीम कोर्ट गाठलं, तर १९६१ला कोर्टाने स्पष्ट सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, आणि सरकारने शिक्षा कमी केल्याशिवाय सुटायचा हक्क नाही.

मग १४ कुठून आलं? १९७८ला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३अ आलं (२०२४पासून हाच नियम नव्या संहितेत कलम ४७५ मध्ये आहे): ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झाली तर १४ वर्षं प्रत्यक्ष जेलमध्ये काढल्याशिवाय सरकार माफी देऊन सोडू शकत नाही. म्हणजे १४ हा किमान आकडा आहे, सुटकेची तारीख नाही, पण लोकांनी नेमका उलटा अर्थ घेतला! ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलंय त्यांना 'चौदा वर्षांत सुटेलच तो' असं छातीठोकपणे सांगू नका प्लीज, फार लागतं ते.