फोन लंडनमध्ये, पोर नॉर्विचमध्ये

शहरातल्या टोळीने पोरांकरवी दूरच्या गावांत अमली पदार्थ विकायचे, या धंद्याला इंग्लंडमध्ये ‘काउंटी लाइन्स’ म्हणतात. काउंटी म्हणजे तिथला जिल्हा आणि लाइन म्हणजे मोबाइलचा नंबर. लंडन, बर्मिंगहॅम किंवा लिव्हरपूलमधली टोळी हेरॉइन आणि क्रॅक कोकेन नॉर्विच, मार्गेट, हेस्टिंग्जसारख्या दूरच्या गावांत विकते, पण टोळीतला मोठा माणूस तिकडे सहसा फिरकत नाही. तो शहरात बसून फोन सांभाळतो. माल आला की एकाच वेळी सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज जातो. गिऱ्हाइकाचा फोन आला की तिकडे बसलेल्या पोराला ‘अमुक कोपऱ्यावर जा’ असा निरोप मिळतो. पुडी बहुतेकदा १० पौंडांची.

या धंद्यात खरी मालमत्ता म्हणजे तो नंबर. माल पकडला गेला, पोरही पकडलं गेलं, तरी नंबर चालू असला की उद्या दुसरं पोर पाठवता येतं. म्हणून २०१७ पासून ब्रिटनमध्ये न्यायालयाच्या आदेशाने असा नंबर बंद पाडता येतो. उपाय चांगला आहे, पण अपुरा. गिऱ्हाइकांची यादी हाताशी असेल तर नव्या नंबरवरून तोच मेसेज पाठवायला कितीसा वेळ लागणार!

पोरं लागतात ती मुख्यत्वे १४ ते १७ वयाची. सुरुवात गोड असते: नवे बूट, बाहेरचं खाणं, ‘तू आपला धाकटा भाऊ’ असं वागवणं. मग ‘एवढी पिशवी पोहोचव’. मग रेल्वेचं तिकीट हातात पडतं. मुक्काम एखाद्या व्यसनी, अपंग किंवा एकट्या माणसाच्या घरात, आणि ते घर टोळीने बळकावलेलं. त्याला ‘कुकूइंग’ म्हणतात. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेने अंडं घालावं, तसंच.

पण बुटांच्या मोहाने पोर आत येतं, टिकत नाही. त्याला टिकवतं कर्ज, आणि ते मुद्दाम तयार केलेलं असतं. माल घेऊन निघालेल्या पोराला वाटेत दोघं-तिघं चाकू दाखवून लुटतात. अनेकदा हे लुटारू टोळीनेच पाठवलेले असतात. गेलेल्या मालाची किंमत पोराच्या नावावर मांडली जाते आणि ‘फेडेपर्यंत फुकट काम कर’ असं सांगितलं जातं. नाही म्हटलं तर आईला, धाकट्या बहिणीला इजा करण्याची धमकी. ही सरळसरळ वेठबिगारी आहे.

‘पोरांना धोका कळत नाही’ हे आपलं आवडतं स्पष्टीकरण, पण प्रयोग वेगळं सांगतात. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. मित्र शेजारी बसून बघत असले की किशोरांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांना मित्रांच्या असण्याने विशेष फरक पडला नाही. या वयात मेंदूतली बक्षिसाला हुरळणारी यंत्रणा तेजीत असते. तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पक्का होतो. टोळीला यातलं शास्त्र माहीत नसेल, पण सोबत्यांच्या देखत काम सांगायचं, हे ती नेमकं जाणते.

पुढे चाकू येतो. लुटले जाण्याच्या भीतीने पोर स्वतःही तो बाळगू लागतं, आणि दोघांकडे चाकू असला की बाचाबाची थेट रुग्णालयात संपते. लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सोळा वर्षांखालच्या मुलांवरचे वार शाळा सुटल्यानंतर, दुपारी ४ ते ६ या वेळेत सर्वाधिक दिसले. मध्यरात्री नव्हे.

घरच्यांच्या लक्षात काय यायला हवं? दुसरा साधा फोन, दूरच्या गावाचं तिकीट, रात्र-रात्र गायब असणं, न सांगितलेली जखम. इथे एक चूक हमखास होते. सापडलेली पुडी रागाने संडासात टाकतात. पोराच्या नावावरचं कर्ज तेवढ्याने वाढतं आणि ते पुन्हा पळतं. पोलिसांनी माल जप्त केला तरी हेच घडतं, त्यामुळे कळवताना कर्जाचा आणि धमकीचा उल्लेख आवर्जून करावा.

ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यातलं कलम ४५ असं राबवलं गेल्यामुळे गुन्हा केलेल्या मुलाला न्यायालयात बचाव देतं, मात्र खुनासारखे गंभीर गुन्हे त्यातून वगळले आहेत. २०१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका विक्रेत्याला मुलांना लिंकनला पाठवल्याबद्दल १४ वर्षांची शिक्षा झाली, ती याच कायद्याच्या आधारे. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७८ मुलाकडून अमली पदार्थ विकून किंवा वाहून घेणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं.

बेपत्ता मूल परतल्यावर ७२ तासांच्या आत एका त्रयस्थ व्यक्तीने त्याच्याशी बोलावं, असा इंग्लंडमध्ये दंडक आहे. ‘कुठे गेला होतास?’ याला उत्तर क्वचितच मिळतं. ‘कुणाचं किती देणं आहे?’ असं विचारलं तर कधीकधी आकडा बाहेर येतो.