केशरोपणानंतरचे दुखणे आणि भरून येण्याचा काळ

केशरोपण, म्हणजे रोजच्या बोलण्यातले हेअर ट्रान्सप्लांट, ही त्वचेपुरती शस्त्रक्रिया आहे. डोक्याच्या मागच्या बाजूची केसांची मुळे काढून ती टक्कल पडलेल्या जागी रोवतात. काम कित्येक तास चालते, पण कवटीला हात लागत नाही आणि पूर्ण भूलही सहसा द्यावी लागत नाही. दुखणे मोजक्या दिवसांचे असते. जीव टांगणीला लागतो तो पुढच्या काही महिन्यांत.

खरी कळ सुरुवातीलाच येते, भुलीची इंजेक्शने देताना. कपाळाच्या कडेने आणि मानेच्या वर एकामागून एक सुया टोचल्या जातात आणि औषध आत शिरताना चांगलीच आग होते. हे औषध बहुधा लिडोकेन असते. त्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळले की रक्त कमी येते आणि भूल जास्त वेळ टिकते. ‘अजिबात दुखत नाही’ असे रुग्णाला सांगणे म्हणूनच चूक आहे. या काही मिनिटांची कल्पना आधी दिली, तर तो मनाने तयार राहतो.

भूल उतरल्यावर ठणका लागतो तो रोवलेल्या जागी कमी आणि जिथून मुळे काढली तिथे जास्त. कातडीची पट्टी कापून टाके घातले असतील, तर मान वाकवताना मागे ताण बसतो. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. एकेक मूळ सुटे काढण्याच्या एफयूई पद्धतीत हा ताण नसतो, फक्त उशी टेकली की हुळहुळते. पॅरासिटामॉलसारख्या गोळीने बहुतेकांचे भागते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून पापण्यांपर्यंत उतरते. आरशात पाहून माणूस घाबरतो, पण टोचलेले द्रवच खाली सरकत असते. डोके उंचावर ठेवून झोपल्याने ती लवकर ओसरते.

पहिले काही दिवस रोवलेली मुळे नुसत्या साकळलेल्या रक्ताच्या आधारावर तग धरून असतात. खाज असह्य होते, तरी नख लावायचे नाही. मूळ उपटले तर तिथे रक्ताचा ठिपका दिसतो. साधारण १० दिवसांत ती घट्ट बसतात आणि खपल्याही गळतात.

मग २ ते ८ आठवड्यांत रोवलेले केस झडू लागतात. उशीवर केस पाहून अनेकांचे अवसान गळते, पण झडतो तो केस. मूळ आत शाबूत असते. ते विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असते.

बारीक संवेदी नसा कापल्याने डोके काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहते. कंगवा फिरतो, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावरून फिरतोय असे वाटते. संवेदना परतताना मुंग्या येतात.

नीट भरत असलेल्या जखमेचे दुखणे रोज थोडे उतरते. ते उलट चढू लागले, पू किंवा ताप आला, त्वचा काळी पडू लागली, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावत असल्याने धूम्रपान करणाऱ्यांनी याबाबत जास्तच सावध राहावे.

नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फुटतात, तेही आधी बारीक आणि काहीसे वाकडे. त्या सुमारास पुटकुळ्याही येतात. पूर्ण दाटपणा यायला १२ महिने लागतात, डोक्याच्या माथ्यावर कधी १८.