कायरल लिगँडची रचना

धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉनची जोडी देऊन धरून ठेवणाऱ्या रेणूला किंवा आयनाला लिगँड म्हणतात. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसा जो रेणू स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत बसत नाही तो कायरल. लिगँडने दोन टोकांनी दोन वेगळे धातू पकडले आणि ते पुढेही चालू राहिले, की साखळी, जाळी किंवा पोकळ्यांची चौकट उभी राहते. हाच कोऑर्डिनेशन पॉलिमर. सच्छिद्र चौकटींवरील कामासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या रेणूंची ओळख विदर्भातल्या शेतकरी घराला जुनीच आहे. तांब्याचा काळवंडलेला गुंड चिंचेच्या कोळाने घासला की लख्ख होतो. कोळातले टार्टारिक अम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि सुटलेल्या तांब्याला धरून ठेवते. कायरल रेणूची डावे-उजवे अशी दोन रूपे असतात; चिंचेत या अम्लाचे एकच रूप असते. लुई पाश्चरने १८४८ मध्ये याच अम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले होते. पुढे २००० मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांग येथे किमून किम यांच्या गटाने टार्टारिक अम्लापासून लिगँड घडवून त्याची जस्ताबरोबर सच्छिद्र चौकट बांधली. तिच्या मदतीने झालेल्या अभिक्रियेतून मिळालेल्या पदार्थात एका रूपाचे दुसऱ्यावरचे आधिक्य जेमतेम ८ टक्के होते. तरीही पोकळीचा डावे-उजवेपणा अभिक्रियेत उतरतो हे त्यातून दिसले, आणि माझ्या मते या शाखेची खरी सुरुवात तिथेच झाली.

त्याहून बोलके उदाहरण सरकीचे. सरकीचा दाणा फोडून पाहा, फिकट गरात बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथींत गॉसिपॉल असते. त्याच्या रेणूचे दोन सारखे अर्धे भाग एकाच बंधाने जोडलेले असून ते एकमेकांना अडतात, त्यामुळे त्या बंधाभोवती फिरू शकत नाहीत. इथे कायरलपणा एखाद्या कार्बन अणूवर नसून या तिढ्यात आहे. सरकीत डावी-उजवी दोन्ही रूपे मिसळलेली असतात. गॉसिपॉल लोखंड पकडते. म्हणून सरकीची पेंड खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक साठवणीत हिरवट-तपकिरी पडतो, आणि कोंबड्यांच्या खाद्यात हिराकस मिसळून हे गॉसिपॉल आधीच बांधून टाकता येते. गाई-म्हशींना ते तुलनेने सोसते, कारण त्यांच्या कोठीपोटात ते बरेचसे प्रथिनांशी जखडले जाते.

असाच तिढा असलेला बायनॉल हा रेणू प्रयोगशाळेत सर्रास वापरतात, कारण त्याची दोन्ही रूपे वेगवेगळी मिळतात. त्याला पिरिडीनचे (नायट्रोजन असलेल्या कड्याचे) हात जोडून वेनबिन लिन यांच्या गटाने २००५ मध्ये कॅडमियमची चौकट केली आणि तिच्या पोकळीत अभिक्रिया घडवून आणणारे टायटेनियम बसवले. या वेळी आधिक्य ९३ टक्क्यांपर्यंत गेले.

नुसता कायरलपणा मात्र पुरत नाही. काटोल-वरुडच्या संत्र्याच्या सालीतले लिमोनीन कायरल असते, पण धातू घट्ट धरायला त्याच्याकडे ऑक्सिजन वा नायट्रोजनची आकडी नाही. अमिनो आम्लांची अडचण उलटी: त्यांच्या दोन्ही आकड्या इतक्या जवळ असतात की त्या एकाच धातूला कवळतात आणि साखळी पुढे सरकत नाही. त्यावर उपाय म्हणून नायट्रोजनवर पिरिडीनचा लांब हात जोडतात, म्हणजे ते टोक शेजारच्या धातूपर्यंत पोचते. हात फार लवचीक असला तर तो वळून पुन्हा पहिल्याच धातूला धरतो. फार लांब असला तर एका चौकटीच्या पोकळीत दुसरी चौकट वाढून जागा बुजते. तिढा धातूपासून दूर पडला, तर पोकळीत शिरणाऱ्या रेणूला तो जाणवतही नाही.

धातूचीही पसंती असते. जस्ताला चार हात चौफलकाच्या कोपऱ्यांवर चालतात, तर तांब्याचे दोन आयन चार कार्बोक्सिलेट गटांत (अम्लांच्या ऑक्सिजनवाल्या टोकांत) मिळून पाणचक्कीसारखी जोडी करतात.

कायरल नसलेला लिगँडही कधी कधी कायरल स्फटिक देतो, पण एकाच भांड्यात डावे आणि उजवे स्फटिक बहुधा सारख्याच प्रमाणात पडतात. लिगँड एकाच रूपाचा असला की आरशातली जुळणी शक्यच राहत नाही. स्फटिकांच्या २३० अवकाश-गटांपैकी, म्हणजे अणूंच्या मांडणीच्या शक्य प्रकारांपैकी, फक्त ६५ उरतात. मात्र बंद भांड्यात जास्त तापवताना लिगँडचेच रूप पालटू शकते. म्हणून काही स्फटिक पुन्हा विरघळवून, लिगँड अजून त्याच रूपात आहे ना, हे ध्रुवणमापकावर, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाश कोणत्या बाजूला वळवते ते मोजणाऱ्या उपकरणावर, तपासतात.